मालकाच्या डोक्यातला दर

केज तालुक्यातल्या नांदूरघाटमध्ये रस्त्याकडेच्या गुंठ्याचा दर काढायचा असेल, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला विचारू नये. तो सांगेल त्या आकड्यात आजोबांनी खोदलेली विहीर असते, 2025च्या सप्टेंबरात बीडला पोचलेली रेल्वे असते आणि शेजाऱ्याला मिळाल्याचा ऐकीव भावही असतो. घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला खडक किती फुटांवर लागतो आणि यायला वाट आहे का, एवढेच पाहायचे असते. मग सौदा फिसकटतो आणि दोघेही एकमेकांना लबाड ठरवतात. लबाड बहुधा कोणीच नसते.

डॅनिअल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी याची तपासणी कॉफीच्या मगांवर केली. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत निम्म्या विद्यार्थ्यांना मग दिले, उरलेल्यांना ते विकत घ्यायची मुभा दिली. ज्यांच्या हातात मग आला होता त्यांची किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग काही मिनिटांपूर्वीच मिळालेला होता, त्यावर कुणाचे बालपण गेले नव्हते. नुसत्या मालकीने एवढा फरक पडत असेल, तर तीन पिढ्यांच्या वावराचे काय होत असेल!

घरांवरचा पुरावा बोस्टनचा आहे. तिथल्या फ्लॅटचे भाव कोसळल्यानंतर डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी 1990 ते 1997 या काळातले व्यवहार तपासले. खरेदीपेक्षा कमी भाव येणार असे दिसताच मालक मागणीचा आकडा चढवत, आणि त्यांचे घर जास्त काळ विकले जात नसे. आपण किती मोजले होते, याच्याशी आजच्या गिऱ्हाइकाला काही देणेघेणे नसते, पण मालकाच्या डोक्यात खुंटी तिथेच ठोकलेली असते. हा दोष स्वतः राहणाऱ्या मालकांत जास्त दिसला. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांत कमी, पण होताच. म्हणजे ‘आपण फक्त हिशेब बघतो’ म्हणणारेही सुटत नाहीत.

मात्र जॉन लिस्ट यांना 2003च्या अभ्यासात वेगळे आढळले. खेळाडूंची चित्रे असलेल्या कार्डांच्या बाजारात मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये हा ओढा जवळजवळ नाहीसा होता. मला हे पटते. बैल विकताना शेतकऱ्याचा पाय निघत नाही, जनावरांचा व्यापारी मात्र दावे सोडून पुढच्या बैलाकडे वळतो. त्याचे काळीज दगडाचे असते असे नाही. बैल त्याच्याकडे आला तोच विकायला. अडचण अशी की जमिनीचा सौदा माणूस आयुष्यात एकदा-दोनदा करतो. मुरायला वेळ मिळतोच कुठे?

भाड्याच्या बाबतीत वेगळीच भावना काम करते, धास्तीची. निजामी राजवट संपल्यावर मराठवाड्यात 1950चा हैदराबाद कूळ कायदा आला. कसणाऱ्याला त्याने संरक्षण दिले, आणि ‘कूळ लागेल’ ही भीती मालकांच्या घरात मुक्कामाला आली. ती शेतापुरती राहिली नाही, गाळ्यांना आणि फ्लॅटांनाही चिकटली, असे मला वाटते. 2011च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. त्याला कारणे पुष्कळ आहेत, त्यात ही धास्तीही धरावी लागेल.

धास्तीच्या जोडीला हट्ट. समजा, गाळ्याला 4,500 रुपये देणारा आज दारात आहे, मालक 5,000वर अडून बसतो आणि ते देणारा तीन महिन्यांनी येतो. बुडाले 13,500. वरचे पाचशे ते भरून काढायला 27 महिने घेतील, तोवर भाडेकरू टिकला तर.

उलट टोकही आहे: ‘आपलाच माणूस आहे, कशाला कागद?’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ज्या शहरांना लागू आहे, तिथे लेखी आणि नोंदणीकृत कराराची जबाबदारी कलम 55ने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नांदूरघाटहून पुण्यात नोकरीला गेलेल्याने तिथला फ्लॅट मेहुण्याच्या मित्राला दिला, तरी नियम हाच.

‘भावना बाजूला ठेवा’ हा सल्ला फसतो, कारण भावना एकाच दिशेला ओढत नाहीत. मालकी किंमत चढवते, दुःख ती पाडते. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली काहींना मृत्यूचा प्रसंग असलेली चित्रफीत दाखवली आणि मग हायलायटर पेनांचा संच विकायला वा घ्यायला लावला. दुःखी विक्रेते कमी किमतीला तयार झाले, दुःखी खरेदीदार जास्त द्यायला. चित्रफितीचा पेनांशी काडीचा संबंध नव्हता.

आता आपल्याकडे वाटणीची बोलणी कधी निघतात ते आठवा. तेराव्याला, कारण तेव्हा सगळे एकत्र असतात. पुण्याचा भाऊ परत लवकर येणार नसतो, गिऱ्हाईक आयते असते, आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या भयाने ती सही करते. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, 2005 साली केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर आला. पण नोंदणीकृत हक्कसोड पुढे फिरवायची म्हणजे दिवाणी दावाच.

या घाईला कायद्याचा आधार नाही. तीन महिन्यांची मुदत आहे ती वारसाची वर्दी तलाठ्याकडे देण्याची. ती द्यावी, सगळ्यांची नावे लागू द्यावीत. वाटणी, विक्री किंवा हक्कसोड यांना अशी मुदत नाही, त्या वर्षश्राद्धानंतरही करता येतात.