आट्यांतला मळ आणि साडेतीन टनांची ओढ

चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचं हेड ब्लॉकवर बहुधा दहा बोल्टनी आवळलेलं असतं. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पेट्रोल पेटल्यावरचा दाब ६० बार धरला, तर एका सिलिंडरमागे हेडला वर ढकलणारा जोर सुमारे २,७०० किलो होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर असा धक्का सेकंदाला २५ वेळा देतो. तरी हेड ब्लॉकवरून केसभरही उचललं जाता कामा नये. मधल्या गॅस्केटच्या एका अंगाला जाळ असतो, दुसऱ्या अंगाला पाणी आणि तेल.

हेड धरून ठेवण्याचं काम बोल्ट करतो तो स्वतः ताणला जाऊन. १०.९ ग्रेडचा, १० मिलिमीटर व्यासाचा बोल्ट नीट आवळला की त्यात साधारण ३६ किलोन्यूटन, म्हणजे साडेतीन टनांहून थोडी जास्त ओढ तयार होते. तिने १०० मिलिमीटर लांबीचा बोल्ट जवळपास पाव मिलिमीटरने लांबतो आणि परत आखडू पाहतो. या आखडू पाहण्यानेच हेड खाली दाबलेलं राहतं. बोल्ट पुरेसा ताणलेला असेल, तर स्फोटाचे धक्के त्याच्यापर्यंत फार थोडे पोचतात. सैल राहिला, तर दर धक्क्याला तो ओढला जातो आणि थकून तुटतो.

ही ओढ गॅरेजमध्ये थेट कोणी मोजत नाही. टॉर्क रेंच मोजतो तो फक्त फिरवण्याचा जोर. त्यातला निम्म्याच्या आसपास बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जिरतो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. या विभागणीत घर्षण थोडंसं इकडचं तिकडे झालं, तरी त्या दहाव्या हिश्शाचं केवढं काय होतं ते पाहा. टॉर्क म्हणजे घर्षणावर अवलंबून असलेला एक गुणांक गुणिले व्यास गुणिले ओढ, असं साधं सूत्र अभियंते वापरतात. कोरड्या, स्वच्छ पोलादासाठी गुणांक ०.२ धरला, तर आपल्या बोल्टला ३६ किलोन्यूटनसाठी ७२ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. आट्यांत गंज आणि जुनं सीलंट असेल आणि गुणांक ०.३ झाला, तर त्याच टॉर्कला ओढ मिळते २४ किलोन्यूटन. आट्यांना तेल लागलेलं असेल आणि गुणांक ०.१५ वर आला, तर ती होते ४८ किलोन्यूटन, म्हणजे या बोल्टने कायमचं न लांबता सहन करायच्या भाराची अगदी सीमा. तिन्ही वेळा रेंच ‘टक्’ असा एकच आवाज करतो आणि मेकॅनिकला तिन्ही बोल्ट सारखेच वाटतात.

म्हणून इंजिन बांधताना आटे साफ करणं हे मोजमापाचंच काम आहे, असं मी मानतो. आणि तिथे साधन चुकलं, तर मळ राहण्यापेक्षा मोठं नुकसान होतं.

सर्वात हाताशी असलेलं साधन म्हणजे टॅप. भोकात गंज दिसला की टॅप मारायचा, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी शंकाही घेत नाही. पण टॅपचा जन्म धातू कापण्यासाठी झालेला आहे. त्याच्या धारांना कार्बन आणि बिडाचा ब्लॉक यांतला फरक कळत नाही. टॅपची बाजू घेणारे म्हणतात की योग्य मापाचा टॅप योग्य मापाच्या भोकात गेला, तर त्याला कापायला काही उरतच नाही. कागदावर हे बरोबर आहे. एम १० × १.५ (व्यास १० मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.५ मिलिमीटर) या मेट्रिक आट्यांत बोल्ट आणि भोक यांच्यामध्ये मानकाप्रमाणे कमीत कमी ३२ मायक्रोमीटर मोकळी जागा असते, आणि भोकाच्या मापाला वरच्या बाजूला आणखी सूट असते. प्रत्यक्षात भोक त्या सुटीत कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसतं, टॅप स्वस्तातला असतो, आणि आट्यांत एका बाजूला घट्ट बसलेला मळ त्याला दुसऱ्या बाजूला ढकलतो. मग टॅप जिकडे ढकलला गेला तिकडची बाजू खरवडतो.

टॅप तिरका लागतो तो तोंडाशीच, आणि भोकाची सर्वात मोलाची जागाही तीच. बोल्ट आवळल्यावर सगळे आटे सारखा भार उचलतात असं आपण समजतो, पण तसं नसतं. बोल्ट ताणला जातो आणि भोवतालचा धातू दबतो, त्यामुळे तोंडाकडचा पहिला गुंतलेला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार घेतो आणि खाली खाली वाटा झपाट्याने कमी होतो. तळाचे दोन आटे खराब झाले तर फारसं बिघडत नाही, वरचा एक गेला तर बिघडतं. ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकमध्ये धोका दुप्पट, कारण पोलादी टॅपपुढे तो धातू फार मऊ आहे. शिवाय ॲल्युमिनिअममधले आटे कारखान्यात पुष्कळदा धातू दाबून घडवलेले असतात. दाबाने त्यांचा पृष्ठभाग कडक झालेला असतो, आणि टॅप नेमका तोच थर काढून नेतो. आटे खरोखरच फाटले असतील आणि नव्याने पाडायचे असतील, तेव्हा टॅपच हवा. साफसफाईसाठी मात्र तो नको.

साफसफाईसाठी थ्रेड चेसर नावाचं वेगळं साधन असतं. दिसायला टॅपसारखंच, पण मापाला किंचित कमी आणि धारा बोथट. तो आट्यांच्या मूळ वाटेनेच जातो, मळ सोलून खोबणीत गोळा करतो आणि आटा थोडा वाकलेला असेल तर त्याला दाबून जागेवर आणतो. चेसर मिळत नसेल, तर त्याच व्यासाच्या, त्याच पिचच्या, चांगल्या ग्रेडच्या बोल्टपासून तो घरीच करता येतो. बोल्टच्या लांबीने पातळ ग्राइंडिंग चकतीने किंवा हॅक्सॉने तीन-चार खाचा पाडायच्या, टोकाला हलका उतार द्यायचा आणि खाचांच्या कडांवरचा बुरा त्रिकोणी कानशीने पूर्ण उतरवायचा. हे शेवटचं काम टाळलं, तर आपण चेसरऐवजी ओबडधोबड टॅपच बनवलेला असतो. बोल्ट निवडताना एक खबरदारी घ्यावी. हल्लीचे बरेच हेड बोल्ट आवळताना मुद्दाम कायमचे ताणले जातील असे बनवलेले असतात आणि एकदाच वापरायचे असतात. असा वापरलेला बोल्ट चेसरसाठी घेऊ नये. त्याच्या आट्यांचं अंतर बदललेलं असू शकतं. निवडलेल्या बोल्टवर नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

चेसर बोटांनीच सुरू करावा. हलक्या तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत जावं, मध्ये दोन-तीनदा बाहेर काढून पुसावा. अडला तर जोर लावू नये. त्या अडण्यातून भोक काहीतरी सांगत असतं.

कुठलंही साधन आत घालण्याआधी आटे कोणत्या घराण्याचे आहेत हे कळायला हवं. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य प्रमाण मांडलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला, आणि आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका यांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये त्या दोघांनी आणि कॅनडाने मिळून ६० अंशांची एकच इंची पद्धत ठरवली. आजच्या मेकॅनिकसाठी यातला फसवा भाग असा की पाव इंच किंवा तीन अष्टमांश इंच मापांत जुन्या ब्रिटिश आणि नव्या इंची आट्यांची इंचामागची संख्या एकच आहे. त्यामुळे चुकीचा टॅपही आत सुरळीत जातो आणि ५५ अंशांच्या आट्याला ६० अंशांचा करून बाहेर येतो. अर्धा इंच मापात मात्र एकीकडे १२ आटे आणि दुसरीकडे १३, तिथे चूक लगेच पकडली जाते.

सर्वात विलक्षण उदाहरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं आहे. मॉरिस या मोटार कंपनीने १९२३ मध्ये तिथला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच होती, म्हणून आटे मेट्रिक पडत होते. ब्रिटिश मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे होते, म्हणून बोल्टची डोकी त्या मापाची ठेवली. ही जोडी पुढे एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्यांपर्यंत चालत आली. ज्याने पाना बसला म्हणून आटेही व्हिटवर्थ मानले, त्याने ते इंजिन खराब केलं.

आपल्याकडे मुंबईत हा गोंधळ एकाच रस्त्यावर होता. महिंद्राने १९४७ पासून जुळवलेल्या विलिस जीपमध्ये अमेरिकी इंची आटे, तर कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुळात इटालियन फियाट ११००, तिचे आटे मेट्रिक. आज सगळं मेट्रिक असलं तरी काम संपत नाही. एम १० बोल्ट १.५ पिचचा असतो तसा १.२५ चाही, आणि जपानी वंशाच्या गाड्यांत १.२५ नेहमीचा. शंभरेक रुपयांचा पिच गेज आणि एक व्हर्निअर यांवाचून इंजिन उघडायला बसूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोल्टच्या अंगावरचे आटे साफ करताना डाय, म्हणजे बाहेरचे आटे कापणारं साधन, वापरण्याचा मोह होतो, आणि तिथेही तीच चूक होते. चांगल्या बोल्टचे आटे कापलेले नसतात. दोन साच्यांमध्ये लाटून ते उठवलेले असतात, त्यामुळे पोलादाचे कण आट्याच्या आकाराबरोबर वळतात आणि आट्याच्या बुडाशी दाबाचा ताण कायम राहतो. बोल्टला तडा जातो तो बहुतेकदा बुडाशीच, आणि हा दाब तडा उघडू देत नाही. डाय फिरवला की तोच थर खरवडला जातो. नायलॉनचा किंवा पितळेचा ब्रश, सीलंट विरघळवणारं द्रावण, फार तर सहाकोनी डाय नट हाताने हलका फिरवणं, एवढ्यात काम भागतं. वाळूचा मारा करू नये, पृष्ठभाग खडबडीत होऊन घर्षणाचा सगळा हिशेब बदलतो.

गंज काढायला बोल्ट ॲसिडमध्ये टाकण्याची सवय तर ताबडतोब सोडायला हवी. ॲसिड आणि लोखंड यांच्या क्रियेत हायड्रोजन तयार होतो आणि त्याचे अणू पोलादात शिरतात. साध्या मऊ बोल्टला फारसा फरक पडत नाही, पण १०.९ आणि १२.९ ग्रेडचं कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. बोल्ट आवळताना ठीक वाटतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, तुटतो. मोटारीच्या हेड आणि कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमध्ये हेच ग्रेड सर्रास असतात. असा गंजलेला बोल्ट सरळ बदलावा.

आता भोकाच्या तळाकडे. आरपार नसलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल, तर खाली येणारा बोल्ट पिस्टनसारखा त्यावर दाबत जातो. द्रव जवळजवळ दबत नाही आणि घट्ट आट्यांमधून झटकन बाहेरही पडत नाही. एम १० बोल्टचा ३६ किलोन्यूटन जोर सगळा त्या द्रवावर आला, तर हिशेबाने दाब ४५० मेगापास्कलच्या वर जातो. ब्लॉकच्या नेहमीच्या बिडाची ताणशक्ती २५० मेगापास्कलच्या आसपास. ब्लॉक तडकतो. तडकला नाही तरी रेंच टॉर्क दाखवतो आणि हेड सैलच राहतं. जनरल मोटर्सने १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये आणलेल्या एलएस१ इंजिनाची हेड बोल्टची भोकं अशीच बंद आहेत. हेड उचललं की कूलंट त्यांत उतरतं, म्हणून त्या इंजिनाचे जाणकार भोकं कोरडी झाल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्याच कंपनीच्या १९५५ च्या व्ही-८ इंजिनात हीच भोकं पाण्याच्या पोकळीत उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावावंच लागतं. एकाच कामाची दोन इंजिनांतली रीत इतकी वेगळी असते.

चेसर फिरवून झाला की भोकात ब्रेक क्लीनर मारावा, बारीक नळी तळापर्यंत नेऊन कंप्रेसरची हवा सोडावी, वर फडकं धरावं आणि डोळ्यांवर चष्मा असावा. रॉकेलने धुतलं, तर त्याचा पातळ थर मागे राहतो, म्हणून शेवटचा हात क्लीनरचाच. तेलाच्या वाटा आधीच बोळे लावून बंद केलेल्या असाव्यात, नाहीतर आट्यांतला मळ बेअरिंगमध्ये जातो. भोकाच्या तोंडाशी धातू वर ओढला गेला आहे का, हे सरळ पट्टी ठेवून बघावं. तसा उंचवटा असेल, तर गॅस्केट तिथे नीट बसत नाही.

मग प्रत्येक बोल्ट हाताने, बोटांनी, त्याच्या पूर्ण खोलीपर्यंत फिरवून बघायचा. ज्या भोकात तो अडतो तिथे खूण करून पुन्हा चेसर. पुन्हाही अडला किंवा आटा हातात आला, तर हेलिकॉइल, म्हणजे आट्यांच्या आकाराची तारेची गुंडाळी, बसवायची. ॲल्युमिनिअममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते, कारण तिची बाहेरची बाजू मोठ्या व्यासाच्या आट्यांत बसते आणि भार जास्त धातूवर पसरतो. सगळी भोकं या चाचणीत उतरली, की त्या इंजिनाच्या पुस्तकात आट्यांना आणि डोक्याखाली जे सांगितलं असेल तेच लावायचं, तेल तर तेल, कोरडं तर कोरडं, आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला जात, सांगितलेल्या टप्प्यांनी आवळायला सुरुवात करायची.