मालिका बघत कादंबरीची दुरुस्ती
साखरखेर्ड्याच्या लढाईवरच्या कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झाला! ऑक्टोबर १७२४ मध्ये इथंच निजाम-उल-मुल्कानं हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला हरवलं. मुबारिझ खान रणातच पडला आणि दख्खनमध्ये निजामाची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. एवढी मोठी घटना आपल्या गावची!

आता दुरुस्तीचं काम चालू आहे, तेही टीव्हीसमोर. नवीन प्रकरण मात्र मी टीव्ही बंद करूनच लिहितो. कान संवादात अडकले की स्वतःचं वाक्य सुचत नाही. शुद्धलेखन, नावं-तारखा जुळवणं, पानांना क्रमांक देणं हे मालिका बघता बघता होतं. मांडीवर वही, हातात लाल पेन. जाहिराती लागल्या की एक पान तपासायचं.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची दूरदर्शन मालिका पुन्हा बघताना रवींद्र मंकणींचा माधवराव किती कमी बोलतो, हे जाणवलं. लगेच माझ्या सुभेदाराचं दीड पानी भाषण चार ओळींवर आणलं. प्रसंग एकदम उभा राहिला!

तुम्ही दुरुस्ती करताना कोणती मालिका लावता? जरूर सांगा.