उजवीकडचं स्टिअरिंग

‘डीटूर’ मी चार वेळा पाहिला, चारही वेळा ती गडबड माझ्या नजरेतून सुटली. पाचव्या वेळी शेजारी बाबा होते. उभी हयात एस.टी. चालवण्यात गेलेली, सिनेमापेक्षा त्यांचं लक्ष रस्त्यावर. नायक अंगठा दाखवून गाड्या थांबवतोय आणि बाबा म्हणाले, “अगं, ही गाडी आपल्यासारखी डाव्या अंगाने कशी चाललीय? अन् स्टिअरिंग उजवीकडे?”

खरंच की! अमेरिकेत सगळं उलट असतं. आपल्या डोळ्यांना सवयीचं म्हणून मला खटकलंच नव्हतं. दिग्दर्शक एडगर उल्मरने तो तुकडा आरशातल्यासारखा उलटा करून जोडलाय. समीक्षक कारण सांगतात ते असं : न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला निघालेला माणूस नकाशात उजवीकडून डावीकडे जातो, तर पडद्यावरही तसाच जायला हवा.

१९४५ चा हा गुन्हेपट जेमतेम ६८ मिनिटांचा. पीआरसी नावाच्या, हॉलिवूडमधल्या फाटक्या खिशाच्या कंपनीने काढलेला. तो सहा दिवसांत उरकला, ही खुद्द उल्मरने पसरवलेली दंतकथा. दिवस त्याहून जास्त लागले होते.

अशा सिनेमांच्या पुठ्ठ्याच्या भिंतींना लोक हसतात, नाहीतर ‘एवढ्याशा पैशांत केवढं केलं’ म्हणून डोक्यावर घेतात. मी एवढंच बघते, की ती काटकसर गोष्टीच्या कामी आली का. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसा नव्हता, म्हणून धुकं सोडलंय. त्यात पियानोवादक अल आणि त्याची प्रेयसी चालतात. मधूनच रस्त्याच्या नावाची पाटी दिसते. पुढचं त्यांना दिसत नाही, आपल्यालाही नाही. काम झालं. उलटा तुकडा मात्र नुसतीच सोय, आणि ते प्रेमप्रकरणही पाणचट.

खरी गोष्ट सुरू होते ती अलला गाडीत घेणारा हॅस्केल पावसात मरतो तेव्हा. दार उघडलं, तो पडला, डोकं दगडावर आपटलं, असं अल सांगतो. पोलीस विश्वास ठेवणार नाहीत म्हणून तो त्याचे पैसे, गाडी, नाव, सगळंच घेतो. साक्षीदार तोच, सांगणाराही तोच. माझा तर त्याच्यावर अजिबात विश्वास नाही.

मग रस्त्यात भेटते व्हेरा. गाडीत तिचा डोळा लागतो, अल निवांत होतो. ती अचानक जागी होते आणि थेट विचारते, प्रेत कुठे टाकलंस? हॅस्केलच्या गाडीतून तीही आली होती! अ‍ॅन सॅव्हेजने ही बाई अशी उभी केलीय, की तिच्यापुढे नायक भिजल्या मांजरासारखा वाटतो. शेवटी ती टेलिफोन घेऊन खोलीत कोंडून घेते, बाहेरून अल वायर ओढतो, आणि वायर तिच्या गळ्याभोवती. नंतर कॅमेरा खोलीतल्या एकेका वस्तूवर जातो. वस्तू धूसर होते, स्पष्ट होते, पुन्हा धूसर. याला सेट लागत नाही, डोकं लागतं.

अलच्या अटकेने होणारा शेवट सेन्सॉरच्या धाकाने चिकटवलेला वाटतो. तो मी मोजत नाही.

‘डीटूर’च्या इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रती इतक्या ओरखडलेल्या आहेत, की धुकं कुठलं आणि खराबी कुठली हे कळत नाही. २०१८ साली दुरुस्त केलेली प्रत मिळवा आणि तीच पाहा.