ठेंच लागली, तर जबाबदार कोण?

लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकीं कोणत्याहि रस्त्यानें दुकानांच्या कडेकडेनें चालूं लागावें, म्हणजे प्रस्तुत विषयाचें महत्त्व पायांसच कळतें. एका दुकानापुढें ओटा, दुसऱ्यापुढें वाहनासाठीं बांधलेला उतार, तिसऱ्यापुढें नालीवर टाकलेली आणि मधोमध दुभंगलेली शहाबादी फरशी! नांदेडच्या जुन्या वस्तींतहि याहून फारसें निराळें दृश्य नाहीं. तरुण मनुष्य अडखळतो, सावरतो आणि पुढें जातो. परंतु साठी उलटलेल्या आजीबाई पडल्या, तर खुब्याचें हाड मोडतें, घरांतील एक माणूस महिनोन्‌महिने त्यांच्या उशाशीं बसतें, आणि शेजारीपाजारी 'नशिबाचे भोग' म्हणून निघून जातात. कायदा मात्र नशिबाचें नांव घेत नाहीं. तो विचारतो, ती फरशी कोणाची?

प्रथम रस्ता कोणाचा, तें पाहूं. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यान्वयें सार्वजनिक रस्ते महानगरपालिकेच्या स्वाधीन असतात, आणि त्यांची दुरुस्ती हें तिच्या बंधनकारक कर्तव्यांपैकीं एक आहे. नांदेडास महानगरपालिका १९९७ सालीं आली, लातुरास २०११ सालीं. तेव्हां दुकानदार रोज सकाळीं ज्या पट्टीवर सडा घालतो, ती त्याच्या मालकीची नव्हे. (माल मांडतांना हें पुष्कळांस आठवत नाहीं, ही गोष्ट वेगळी.) न्यूयॉर्क शहरानें २००३ सालीं निराळा मार्ग धरला. तेथें पदपथ सुस्थितींत न ठेवल्यामुळें कोणी पडल्यास लगतच्या मालकासच भरपाई द्यावी लागते. मालक स्वतः राहतो अशा लहान घरांपुरता अपवाद आहे. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाहीं. पालिकेची फरशी उखडली, तर उत्तर पालिकेनें द्यावयाचें.

परंतु यामुळें घरमालक मोकळा सुटला, असें कोणीं समजूं नये. त्यानें स्वतः रस्त्यावर पुढें काढलेला ओटा, नळासाठीं खणून तसाच ठेवलेला खड्डा, नाली साफ करण्याकरितां काढलेला आणि परत न बसविलेला ढापा, यांबद्दल त्यालाच जाब द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमाप्रमाणें, आपल्या ताब्यांतील मालमत्तेची योग्य व्यवस्था न ठेवल्यामुळें सार्वजनिक वाटेवर कोणास धोका, अडथळा वा इजा पोहोंचली, तर ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. जुन्या दंडविधानांत हाच दंड अवघा २०० रुपये होता. कौटिल्यानेंहि रस्त्यावर चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे, आणि राजमार्गावर तोच दुप्पट. मात्र दंड सरकारांत जमा होतो. आजीबाईंच्या औषधपाण्यास त्याचा उपयोग नाहीं. त्यासाठीं दिवाणी दावा करून मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

तो निष्काळजीपणा म्हणजे काय, याचा निवाडा दिल्लीच्या एका मनोऱ्यानें घडवून आणला. चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा १९५१ सालीं कोसळून खालील माणसें दगावलीं. मनोरा नगरपालिकेचा होता. तिचें म्हणणें असें कीं, बाहेरून कांहींच दोष दिसत नव्हता. मग आम्हांस तो कळावा कसा? साक्षीपुराव्यांत निघालें तें असें: इमारत सुमारें ८० वर्षांची, तिच्या चुन्याचें आयुष्य ४०-४५ वर्षांचें, आणि तिची नीट तपासणी कोणी कधीं केलेली नाहीं. १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, रस्त्यालगतच्या इमारतीच्या मालकावर ती तपासून सुस्थितींत ठेवण्याचें कर्तव्य आहे, आणि दोष लपलेला होता ही सबब चालणार नाहीं. नांदेडच्या जुन्या वाड्याचा कलता सज्जा ज्याच्या मालकीचा आहे, त्यानें हा निवाडा अवश्य ध्यानांत घ्यावा.

पालिकांविषयीं अलीकडे एक मोठी गोष्ट घडली. १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, रस्त्यांतील खड्ड्यामुळें अथवा उघड्या मॅनहोलमुळें मृत्यु ओढवल्यास वारसांस ६ लाख रुपये, आणि जखमी झाल्यास इजेच्या मानानें ५०,००० पासून अडीच लाख रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. याहून निराळा दावा महानगरपालिकेवर लावावयाचा, तर आधीं एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल करावा लागतो. हाड जुळून येईपर्यंत वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे त्यांतले कित्येक महिने खाटेशींच संपतात. डॉक्टरांचा कागद आणि साक्षीदारांचीं नांवें त्याच दिवशीं मिळवावींत, व जागेचें छायाचित्र तर सर्वांआधीं घ्यावें. कारण वर्षभर दुभंगलेली फरशी बदलण्याची बुद्धि पुष्कळ मालकांस नेमकी दुसऱ्या दिवशीं सुचते.