चिरबोटीचा फुगा

अकोला-अमरावतीकडे पऱ्हाटीच्या निंदणात उपटून धुऱ्यावर फेकले जाणारे एक झुडूप म्हणजे चिरबोटी. हिलाच कोणी रानपोपटी म्हणतात. शास्त्रीय नाव फायसॅलिस मिनिमा. ‘फायसा’ म्हणजे ग्रीक भाषेत फुगा. वांगी, टोमॅटो, मिरची याच कुळातली. बाजारातली रसभरी तर हिची सख्खी बहीण.

मुले फटकन फोडतात तो फुगा म्हणजे फळ नव्हे. फुलाच्या तळाशी पाच हिरव्या निदलांचा जोडलेला पुंज असतो. फळ धरल्यावर तो वाढत जातो आणि फळाला पिशवीसारखा झाकतो. कपाळफोडीच्या वेलीचा फुगा मात्र फळाचीच भिंत असते. दोन्ही वर्गात शेजारी ठेवून उघडून पाहावेत. चिरबोटीच्या गणातील अशा फुग्यांचे 5 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म अर्जेंटिनात सापडले. ते संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले.

परंपरेने हिची पिकलेली फळे सारक आणि लघवी साफ करणारी मानली जातात. पाल्याचा रस मोहरीच्या तेलातून कानदुखीवर घालतात. यात तथ्य किती? या गणातील वनस्पतींत फायसॅलिन नावाची कडू द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत पेशींवर त्यांचा दाह कमी करणारा परिणाम दिसला आहे. पण काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. मात्रा किती, अपाय कोणाला, हे माणसांवरील काटेकोर चाचण्यांनीच ठरते. म्हणून जुना उपयोग हा शोधाचा आरंभ समजावा, पुरावा नव्हे.

विद्यार्थ्यांना तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. हिरवी फळे व पाला खाऊ नये. त्यांत विषारी द्रव्ये असू शकतात. कानाचा पडदा फाटलेला असल्यास कोणताही रस आत जाऊन इजा करतो. कानदुखीला डॉक्टरच गाठावा. आणि तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या शेतातले पिकलेले फळही तोंडात घालू नये. आजोबांनी धुऱ्यावर बसून खाल्लेली चिरबोटी आणि आजची चिरबोटी यांत हा फरक पडला आहे.

फुगा कशासाठी? पडीक, न फवारलेल्या जागी दहा फुलांना दोरे बांधा. फळ धरल्यावर पाच फुगे अलगद उघडे करा, पाच तसेच ठेवा. कोणती फळे किडींनी जास्त खाल्ली, याची महिनाभर नोंद करा. उत्तर चिरबोटीच देईल.