बदक पाळायचंय? मग पांढरं घ्यायचं की खाकी, ते आधी ठरवा

इन्स्टावर स्क्रोल करताना हे रील हमखास समोर येतं. शेततळ्याच्या कडेनं दहा-बारा पांढरीशुभ्र बदकं ओळीनं चाललीत, मागे ट्रेंडिंग गाणं आणि खाली कॅप्शन, 'कमी खर्चात अंड्यांचा धंदा'. बघणाऱ्याला वाटतं, चार-सहा आपणही पाळावीत. मग आठवडी बाजारातून किंवा कुणाच्या ओळखीनं पांढरी पिल्लं घरी येतात. दाणा खाऊन मस्त गुबगुबीत होतात. अंडी मात्र अपेक्षेच्या निम्मीच.

यात बदकाची काही चूक नसते. रीलमधलं ते पांढरं बदक बहुतेक वेळा 'व्हाइट पेकिन' असतं आणि ही जात मुळात मांसासाठी वाढवलेली आहे. मूळची चीनची. १८७३ मध्ये ती अमेरिकेत पोहोचली आणि तिथल्या बदकाच्या मांसाचा धंदा तिच्यावरच उभा राहिला. नीट खाद्य मिळालं तर सहा-सात आठवड्यांत दोन-अडीच किलो भरते. मांस विकायचं असेल तर उत्तम. पण अंडी वर्षाला साधारण दीडशेच्या आसपास.

अंड्यांसाठी नाव घ्यायचं ते 'खाकी कॅम्पबेल'चं. दिसायला अगदी मातकट, रीलवर याला कुणी लाइक देणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये राहणाऱ्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी ही जात तयार केली. त्यांच्याकडे भरपूर अंडी देणारी एक इंडियन रनर मादी होती. तिची अंडी देण्याची ताकद टिकवून पिल्लं जरा अंगानं भरावीत, म्हणून त्यांनी तिचा रूआँ जातीच्या नराशी आणि पुढे रानबदकाशी संकर केला. पिसांचा रंग ब्रिटिश सैनिकांच्या गणवेशासारखा निघाला, म्हणून 'खाकी'. आज चांगली निगा राखली तर ही मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. नुसतं परसात सोडून दिलं, वरून खाद्य दिलंच नाही, तर हा आकडा विसरायचा.

एक गोष्ट मात्र विकणारा सहसा सांगत नाही. खाकी कॅम्पबेल अंडी देते, पण उबवत नाही. ती खुडूक बसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे पुढची पिल्लं हवी असतील तर इन्क्युबेटर लागतो किंवा गावाकडचा जुना उपाय करावा लागतो, बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकाची २८ दिवसांत. त्या बिचारीला एक आठवडा जास्त बसावं लागतं. शिवाय अंडी मोठी असल्यानं तिच्याखाली कमीच मावतात.

हे सगळं नको असेल तर 'मस्कोव्ही' आहे. तोंडावर लाल चामखिळीसारखे गोळे असलेलं हे बदक दक्षिण अमेरिकेतलं. बाकीच्या पाळीव बदकांचा पूर्वज रानबदक, हिचं घराणंच वेगळं. मादी स्वतः ३५ दिवस अंड्यांवर बसते आणि पिल्लंही सांभाळते. अंडी कमी देते, पण जवळपास मुकी असते, नुसतं फुसफुसते. शेजाऱ्यांच्या खिडक्या अंगणाला लागून असतील तर ही फार मोठी सोय आहे, कारण बाकीच्या जातींच्या माद्या भल्या पहाटे गल्ली उठवतात. एकच भानगड, मस्कोव्ही उडते आणि थेट कौलांवर जाऊन बसते. आणि तिचा दुसऱ्या जातीशी संकर झाला तर होणारी पिल्लं वांझ निघतात.

बाटलीसारखं ताठ उभं चालणारं 'इंडियन रनर' नावानं भारतीय असलं तरी आहे इंडोनेशियाच्या बेटांवरचं. अंडी बरी देतं आणि शेतातल्या गोगलगाई वेचायला पटाईत. केरळच्या कुट्टनाडची चारा आणि चेंबल्ली, आसामची पाती या आपल्या देशी जाती काटक आहेत, पण त्या मुख्यतः त्या-त्या भागात मिळतात.

जात ठरली तरी नवख्याची खरी फसगत होते ती नर-मादी ओळखण्यात. लहान पिल्लांत फरक दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी आवाज फुटतो. मोठ्यानं 'क्वॅक क्वॅक' करते ती मादी, घोगरा बोलतो तो नर. पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली पिसं येतात (मस्कोव्हीत हे दिसत नाही). पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. नर जास्त झाले तर ते माद्यांच्या मानेची पिसं उपटून जखमा करतात. आणि फक्त खायला अंडी हवी असतील तर नर नसला तरी चालतं.

तळं हवंच का? नाही. पण पिण्याचं भांडं एवढं खोल हवं की बदकाला अख्खं डोकं बुडवून चोच आणि डोळे धुता येतील. ते पाणी रोज सांडणार, चिखल होणार. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा विचार आधी केलेला बरा.

खाद्यात मात्र हयगय जिवावर बेतते. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका यातल्या विषाला बदक कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर बळी पडतं. पावसाळ्यात ओल लागलेलं पोतं 'कोंबड्या खातात की' म्हणून बदकांना घालू नये. पिल्लांना नुसतं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिलं तर नायसिन कमी पडतं आणि पाय वाकडे होतात, त्यात यीस्ट मिसळावं लागतं. बदकांच्या प्लेगची लस कधी द्यायची, हे पिल्लं आणण्याआधीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावं.

राहिला रोजचा हिशोब. बदकं बहुतेक अंडी सकाळी नवाच्या आत देतात, तोवर त्यांना खुराड्यातच ठेवायचं, नाहीतर अंडी झुडपात नाहीतर पाण्यात जातात. सहा खाकी माद्या चांगल्या लागल्या की रोज चार-पाच अंडी येतात, प्रत्येक ६५-७० ग्रॅमचं. घरात तेवढी खपतात का आणि शेजारचे बदकाचं अंडं विकत घेतील का, हे पिल्लांची ऑर्डर देण्याआधी एकदा विचारून बघायला हवं.