ज्याचा साठा होत नाही असे संप्रेरक

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी विदर्भातील वाचकांना नवी नाही. घरात तांदूळ, डाळ आणि मीठ असले की बहुतेक कुटुंबे ते दिवस निभावून नेतात. परंतु ज्या घरात अधिवृक्क ग्रंथींचे काम थांबलेला रुग्ण आहे, त्या घराला आणखी एका वस्तूची बेगमी करावी लागते. ती वस्तू म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनची गोळी.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या इवल्याशा ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी रक्तातील साखर सांभाळणे, ताप किंवा शस्त्रक्रियेचा ताण पेलणे ही त्याची कामे. शरीर साखर यकृतात साठवते, चरबी त्वचेखाली साठवते. कॉर्टिसॉल मात्र साठवत नाही. येथे ठेव नाही, केवळ चालू खाते आहे. पहाटे सर्वाधिक जमा होते, दिवसभर खर्च होते आणि मध्यरात्री खाते जवळजवळ रिते होते.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्या काळी त्याचे प्रमुख कारण क्षयरोग होते. पाश्चात्त्य देशांत आता शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच या ग्रंथींवर केलेला हल्ला हे मुख्य कारण ठरते. आपल्याकडे मात्र क्षयाला अद्याप विसरता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात आणखीही वाटा आहेत. घोणस चावल्यानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला इजा होऊ शकते आणि अधिवृक्क ग्रंथींना मिळणारा आदेशच बंद पडतो. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीतही असेच घडू शकते. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे कुष्ठरोगाची ओळख या भागाला आहेच. कुष्ठरोगातील तीव्र प्रतिक्रियांसाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन द्यावे लागते आणि ते एकाएकी थांबवले, तर सुस्तावलेल्या ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत. सांधेदुखीवर कोणी दिलेल्या अनामिक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर त्यांचाही परिणाम हाच होतो.

लक्षणे दबक्या पावलांनी येतात. न संपणारा थकवा, घटते वजन, मळमळ, उठताना येणारी भोवळ. ग्रंथींतच बिघाड असेल तर मिठाची विलक्षण ओढ लागते, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा या साऱ्या तक्रारी उन्हाच्या माथी मारल्या जातात आणि निदान लांबते.

निदान होऊन उपचार सुरू झाला की शरीराचा प्रतिसाद टप्प्याटप्प्याने दिसतो. अत्यवस्थ रुग्णाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाइन शिरेतून दिल्यावर काही तासांतच रक्तदाब सावरू लागतो, उलट्या थांबतात, ग्लानी ओसरते. पुढील काही दिवसांत भूक परतते. शरीरात अडकून राहिलेले जादा पाणी बाहेर पडू लागल्याने काहींना लघवी अधिक होते. त्यात घाबरण्यासारखे सहसा काही नसते, तरी ती फारच वाढली आणि तहान शमेना, तर डॉक्टरांना सांगावे. वजन आणि स्नायूंतील बळ भरून यायला काही आठवडे लागतात. त्वचेचा काळवंडलेपणा तर काही महिन्यांनी निवळतो. थायरॉइडचीही कमतरता असेल, तर आधी कॉर्टिसॉल आणि नंतर थायरॉइडची गोळी हा क्रम डॉक्टर कटाक्षाने पाळतात.

प्रारंभीची मात्रा बहुधा मोठी असते. त्या दिवसांत रुग्णाला विलक्षण उत्साह वाटतो, झोप उडते, भूक खवळते. नंतर मात्रा प्रौढांसाठी दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवली जाते आणि तो उत्साह मावळतो. अंग दुखते, मन खट्टू होते. औषध लागू पडेनासे झाले, असे समजून घरचे अस्वस्थ होतात. वास्तविक शरीर आपल्या स्वाभाविक पातळीवर स्थिरावत असते. मनाने मात्रा वाढवली तर चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. तरीही कोणतेही स्टेरॉइड वाईटच, हा समज येथे लागू नाही. शरीराने स्वतः जेवढे बनवले असते, तेवढेच येथे बाहेरून पुरवले जाते.

खरा धोका मात्र बरे वाटू लागल्यानंतर सुरू होतो. बरे वाटणे हे त्या दिवशीच्या गोळीचे फळ असते; रोग मुळापासून गेल्याची ती खूण नव्हे. गोळी थांबली की एक-दोन दिवसांतही रुग्ण कोसळू शकतो. ताप आला तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनला पर्याय नाही. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने करते. म्हणून क्षयाचा उपचार सुरू होतानाच मात्रेचा विचार व्हावा लागतो.

पर्युषणाचे दिवस आणि पुराचे दिवस बहुधा एकाच ऋतूत येतात. अठ्ठाईचा संकल्प करणाऱ्या श्रावक-श्राविकांच्या घरी असा रुग्ण असेल, तर हे बोलणे पच्चक्खाण घेण्यापूर्वी व्हायला हवे. पहिली आणि मोठी मात्रा उठल्याबरोबर घ्यायची असते. नवकारशीसाठी ती पुढे ढकलावी का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शेवटची मात्रा तिसऱ्या प्रहरी घेता येते, त्यामुळे चौविहाराशी तिचा सहसा विरोध येत नाही. निर्जळी उपवास, मोठी तपश्चर्या आणि मीठ वर्ज्य असलेले आयंबिल मात्र अशा शरीराला जिवावर बेतणारे ठरू शकते. तप यथाशक्ती करावे, असे आपली परंपराच सांगते. स्वाध्याय, मौन आणि सामायिक यांचे दार अशा साधकाला सदैव खुले आहे. काही घरांत औषधाच्या उगमाचीही शंका निघते. आरंभीचे कॉर्टिसोन जनावरांच्या पित्तापासून करीत. आज या औषधांचा मूळ कच्चा माल प्रामुख्याने सोयाबीनसारख्या वनस्पतींतून येतो.

कॉर्टिसोनवरील संशोधनासाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेन्च यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी या रोगाचे निदान म्हणजे बहुधा मृत्यूचीच वार्ता असे. १९४७ मध्ये हेच निदान झालेले जॉन केनेडी १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे या उपचाराचेच देणे.

म्हणून अशा रुग्णाच्या घरी पावसाळ्यापूर्वी महिन्याभराच्या गोळ्या आणून ठेवाव्यात. इंजेक्शन घरी असावे आणि ते देण्यास घरातील एकाने तरी शिकून घ्यावे. रोगाचे नाव आणि औषधाची मात्रा लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात सदैव असावी. पूल पाण्याखाली गेल्यावर पलीकडचा डॉक्टर येऊ शकणार नाही; अलीकडे असलेली गोळी मात्र वेळेवर घेता येईल.